निळ्या काठाचा कप

प्रिय तित्ता,

आधी खाली बस. हातात कॉफी असेल तर ती बाजूला ठेव. आपण जिंकलो! खाडीकाठचं रान वाचलं. आजी, पणजी, पपा, सगळे आहेत तिथेच राहणार, त्यांच्या छातीवर कुणी गोल्फ खेळणार नाही. काल जिल्ह्याच्या कमिशनर मंडळींनी मतासाठी हात वर केले आणि अख्ख्या कचेरीत पहिली आरोळी उठली ती माझी. या वयात मी खुर्चीवर चढले, तित्ता! दारावरचा शिपाई धावत आला आणि म्हणाला, मॅडम, आधी खाली उतरा बघू. मी शाळेची बस चालवायचे तेव्हा तो लहानपणी तिच्यात असायचा आणि मी त्याला रोज अगदी हेच सांगायचे. तेव्हा बिचाऱ्याला आज बदला घ्यायला मिळाला म्हणायचं.

तित्ता. किती वर्षांनी ही हाक कागदावर उतरली. आपल्या बेटावर थोरल्या बहिणीला तित्ता म्हणतात हे तिकडे कुणाला माहीत असणार? म्हणून मुद्दाम तीच लिहिली. हे पत्र चुकून दुसऱ्या कुणाच्या हातात पडलंच, तर एखाद्या मैत्रिणीचं लाडाचं नाव वाटेल. पाकिटावरही मी माझं आडनाव घातलेलं नाही, नुसतं 'शिवणमंडळ' एवढंच लिहिलंय. तुझ्या घरात कोण कोण आहे, कुणाला काय ठाऊक आहे, मला काहीच माहीत नाही. पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर पपांच्या अंत्यविधीला नाव नसलेली पांढरी फुलं आली होती ना, त्या फुलवाल्याला मी गोड बोलून घोळात घेतलं होतं. पत्ता तेव्हापासून माझ्याकडे आहे. कधी वापरला नाही, कारण आईने तशी सक्त ताकीद दिली होती. आज वापरतेय, तेही आईच्याच सांगण्यावरून. का, ते सांगते, पण जरा दमाने घे, कारण मला सगळं नीट सांगायचंय.

गेल्या वर्षी चर्चच्या मागचं सगळं रान एका बंगलेवाल्या कंपनीने विकत घेतलं. गोल्फ, पोहण्याचे तलाव, खाडीचा देखावा, असलं सगळं. त्यांनी माणूस पाठवून जमीन तपासली आणि जाहीर केलं की तिथे एकही कबर नाही, कारण एकही दगड नाही. इथे तिथे 'जुना घरगुती कचरा' पसरलाय म्हणे, तो साफ करून घेऊ. कचरा! रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी हा शब्द वाचून दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. आपल्या माणसांना दगड कोण देणार होतं? तांदळाच्या मळ्यावर राबराब राबवलं, मेल्यावर भाताला नालायक अशी चिखलाची पट्टी दिली, आणि नाव कोरायची तर बंदीच. मग आपल्या लोकांनी काय केलं, तर ज्याचं त्याचं भांडं ठेवलं. शेवटी ज्या वाटीतून तो जेवला ती वाटी, ज्या पेल्यातून प्याला तो पेला. गुलामगिरी सुटली तरी तीच रीत राहिली. बाइना पणजीच्या उशाशी तिचं लोखंडी पातेलं अजून आहे, बुडाला भोक पाडलेलं. पपांच्या उशाशी त्यांचा दाढीचा मग. तोही मीच दगडाने फोडला, आई म्हणाली तसा, एकाच घावात.

फोडायचं का, हे तुला लहानपणीच शिकवलेलं आहे, पण तिकडे राहून विसरली असशील तर सांगते. भांडं अख्खं राहिलं तर मेलेल्याची आणि घरच्यांची साखळी अख्खी राहते आणि तो एकेकाला मागून बोलावून घेतो. म्हणून फोडायचं. आणि एकदा ठेवलं की कुणी उचलायचं नाही, सरकवायचंसुद्धा नाही. ज्याचं त्याचंच. लहानपणी पेरी काकांच्या पोराने कबरीवरची एक बाटली घरी नेली होती आणि त्याच्या आजीने त्याला भरउन्हात ती परत ठेवायला पिटाळलं होतं, आठवतं? आपण दोघी मागे पळालो होतो, तो रडतोय म्हणून हसत.

तर तुझा कप. तो ओट्सच्या डब्यातून फुकट निघालेला, पांढरा, निळ्या काठाचा, ज्याला तू कुणाला तोंड लावू द्यायची नाहीस. मी एकदा त्यातून दूध प्याले तर तू माझी वेणी ओढली होतीस. तुझं ते शेवटचं पत्र आलं, लग्न ठरलंय, आता लिहू नका, शोधू नका, तेव्हा आईने तो कप फडक्यात गुंडाळला आणि ती एकटीच रानात गेली. परत आली ती म्हणाली, "फोडला." बस्स. त्या दिवसापासून या घरात तुझं नाव निघालं नाही. पपांच्या शेजारची जागा तुझी, शिंपल्यांचा लहानसा ढीग, त्यातून कपाचं बूड जेमतेम दिसायचं. दर ईस्टरला आई सगळ्यांच्या जागेवर शिंपले घालायची तसे तिथेही घालायची. मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून कुणाची हिंमत व्हायची नाही.

आणि खरं सांगू, मला तुझा राग नव्हता. त्या बसमध्ये मी होते ना. सॅव्हाना शहरात इस्त्रीचे कपडे पोचवायला निघालो होतो, आई, तू आणि मी, मागच्या बाकावर, जिथे आपल्या काळ्या लोकांना बसावं लागायचं तिथे. तुझा गोरा रंग बाइनाच्या मुलीकडून आलेला. तिला तो कुठून मिळाला हे घरात कुणी बोलायचं नाही, पण मळ्याच्या मालकाने बाइनाला विचारून काही केलं नव्हतं हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. ड्रायव्हरने आरशातून तुला पाहिलं, बस थांबवली आणि हाक मारली, पोरी, तू मागे त्यांच्यात काय करतेस, पुढे ये की. आईला तो तुझी आया समजला. मी तोंड उघडणार इतक्यात आईने माझ्या मांडीला चिमटा काढला आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, बाईसाहेब. पुढे जाऊन बसा." स्वतःच्या मुलीला, तित्ता! तू उठलीस आणि पुढे गेलीस. वळून पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर त्या माणसाने आपल्या तिघींनाही रस्त्यात उतरवलं असतं. आई उरलेला सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती, आणि मांडीवरच्या कपड्यांच्या बोचक्याला असं घट्ट धरून होती की घड्या मोडल्या. पुढे तू खरंच पुढे निघून गेलीस, गोऱ्यांच्या गावात, गोरी होऊन. पण पहिल्यांदा तुला पुढे पाठवलं ते आईने, हे मी कधी विसरले नाही.

बरं, आता गंमत ऐक. चर्चने विद्यापीठातून एक बाई आणली, डॉक्टर केझिया बॉयकिन. आपल्यातलीच आहे, इथून खाली फर्नांडिना बाजूची, कबरी शोधण्यात पटाईत. गवत कापायच्या यंत्रासारखं एक यंत्र ती रानातून ढकलत नेते आणि खाली जमीन कुठे कधी खणली होती ते पडद्यावर उमटतं. मी रोज तिच्याबरोबर असायचे, चवळी-भाताचा डबा घेऊन. जिथे जिथे भांडं, तिथे तिथे खाली कबर! लोखंडी पातेल्याखाली कबर, फुटक्या बरणीखाली कबर, दिव्याच्या काचेखाली कबर. मी तर आनंदाने नाचायची बाकी राहिले होते. मग ती पपांच्या शेजारी आली, यंत्र तीनतीनदा फिरवलं आणि थांबली. तिथे खाली काहीच नव्हतं. कधी कुणी कुदळसुद्धा मारली नव्हती. ती भांड्यावरची माती काढायला वाकली तर आई लांबून ओरडली, "त्या एकाला हात लावू नकोस." केझिया शहाणी, तिने हात मागे घेतला. पण म्हणाली, मिसेस मॅनिगो, मला अहवालात खोटं लिहिता यायचं नाही. आई म्हणाली, लिही खरं तेच.

आणि त्यानेच घोटाळा झाला. कचेरीत सुनावणी लागली तेव्हा कंपनीच्या वकिलाने नेमकं तेवढंच उचललं. थॉर्नबरी म्हणून आहे, गोड बोलणारा, केस चापूनचोपून बसवलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तुमच्याच तज्ज्ञबाई सांगतात की या कपाखाली कबर नाही. म्हणजे तुमचे लोक भांडी कुठेही ठेवतात. मग भांडं ही कबरीची खूण कशी? यंत्राला दिसल्या त्या पोकळ्या झाडांच्या मुळांच्या असतील, जुन्या चरांच्या असतील. कमिशनर एकमेकांकडे बघायला लागले. मला दिसत होतं ना, आपल्या बाजूचे दोघेसुद्धा हलले होते. एका कपापायी सगळं रान जाणार होतं, पपा, आजी, बाइना, सगळे. मग तो आईकडे वळला आणि लाडिक आवाजात म्हणाला, "मिस ऑझेला, तुम्हीच सांगा बरं, तिथे कोण आहे?"

आई काठी टेकत उठली. नव्वदी ओलांडलेली बाई, पण आवाज बघ कसा. "मिसेस मॅनिगो म्हणा. तुमच्या आजोबांचे शर्ट मी धुतलेत, त्यांनाही मला मिसेस म्हणायला कधी जमलं नाही. तुमच्यापासून सुरुवात करू." हॉलमध्ये आपल्या बाजूला असा हशा पिकला की अध्यक्षबाईंना टेबल वाजवावं लागलं. थॉर्नबरी लाल झाला पण म्हणाला, मिसेस मॅनिगो. आई म्हणाली, कोण आहे ते मी इथे सांगणार नाही, उद्या रानात या, तिथे सांगते. घरी येताना मी गाडीत तिला विनवलं की काहीतरी सांग, एखादं लहानपणी गेलेलं बाळ सांग, कोण तपासणार आहे? ती मागच्या सीटवरून म्हणाली, "मेलेल्यांच्या जमिनीवर खोटं बोलू?" आणि खरं बोललं तर, तित्ता, तू उघडी पडशील, तुझं घर, तुझी पोरं, जे काही असेल ते. तिला एक तर पपांना वाचवता येणार होतं, नाहीतर तुला. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. ती मात्र शांत झोपली होती, घोरत.

सकाळी सगळे रानात. कमिशनर चिखलात बूट सांभाळत, थॉर्नबरी डास मारत, आपली सगळी चर्चमंडळी झाडांच्या सावलीला. आईने केझियाला तुझ्या ढिगाशी बोलावलं आणि म्हणाली, आता काढ माती, पण उचलू नकोस, जागचं हलवू नकोस. केझिया पोटावर आडवी झाली, एका छोट्या ब्रशने शिंपले बाजूला, माती बाजूला. आधी बूड मोकळं झालं. मग अंग. मग कान, अख्खा. मग ती हळूहळू सगळीकडून फिरली आणि निळा काठ सबंध गोल दिसला, कुठे टवकासुद्धा नाही. तित्ता, तो फोडलेला नव्हता! इतकी वर्षं आम्ही सगळे समजत होतो की फोडलाय, आणि तो तिथे जसाच्या तसा पालथा घातलेला होता, तू पिऊन झाल्यावर ओट्यावर पालथा ठेवायचीस अगदी तसा. माझा हुंदका बाहेर पडला. पेरी काकांच्या घरची मंडळी, चर्चचे डीकन, आपल्यातल्या प्रत्येकाला क्षणात कळलं. न कळणारे फक्त ते पाहुणे होते.

आई त्यांच्याकडे वळली. "इथली सगळी भांडी बघा. एकूण एक फुटकी. आमचं माणूस गेलं की आम्ही त्याचं भांडं फोडतो. हा कप फुटलेला नाही, कारण ही मेलेली नाही. ही माझी थोरली मुलगी आहे. जिथे भांडं फुटकं तिथे तुमच्या यंत्राला माणूस सापडलं. जिथे अख्खं तिथे नाही सापडलं. आणखी काय पुरावा हवाय?" थॉर्नबरीने विचारलं की ही मुलगी आहे कुठे, तिने येऊन सांगावं. आई म्हणाली, "ती गोऱ्यांत राहते. तुमच्या शेजारीही राहत असेल. नाव विचारू नका, मी सांगणार नाही. रविवारी चर्चला गेलात की आपल्या बाकावर जरा नीट बघा." अगं, त्याचा चेहरा! आणि ती गोरी अध्यक्षबाई, इतका वेळ वहीत लिहीत होती, तिने पेन बंद केलं आणि पपांच्या फुटक्या मगाकडे, मग तुझ्या कपाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला वाटतं तिच्याही घरात कुणाच्या तरी आजीबद्दल न बोलण्याची पद्धत असणार.

काल दुपारी मत झालं. सगळे हात वर, एक सोडून, आणि तो एक कोण ते तुला सांगायची गरज नाही, त्याच्या बापालाही तू ओळखायचीस. रान आता कायद्याने दफनभूमी आहे. कंपनीला कुंपण मागे घ्यावं लागणार, चर्चकडून खाडीपर्यंत वाट आपली. संध्याकाळी चर्चच्या अंगणात भेंडीचं सूप, तळलेले मासे, कोलंबी, रताळ्याचा केक, सगळं गाव लोटलं होतं. केझियाला नाचायला ओढलं, तिला आपल्या पायांचा ठेका येत नाही, पण हटली नाही. आई मध्यभागी खुर्चीत बसून हाताने ताल धरत होती. लोक येऊन येऊन तिच्या हातावर हात ठेवत होते, आणि गंमत म्हणजे, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मोठ्याने विचारत होते की थोरली कशी आहे. आई म्हणायची, बरी असणार.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, फोडला म्हणून का सांगितलंस? ती म्हणाली, फोडला नाही म्हटलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी तिची वाट पाहिली असती, आणि वाट पाहणारी माणसं एक दिवस शोधायला निघतात. तिला कुणी शोधलं असतं तर तिचं सगळं गेलं असतं. मी एकटीने पाहिली वाट, तेवढी पुरे होती. आणि आपली साखळी तुटू दिली नाही. मी रडले, तित्ता. ती नाही रडली. उलट मला म्हणाली, नाक पूस आणि कागद घे.

तर आता हे पत्र का, ते ऐक. पपांच्या शेजारची ती जागा आईला हवी आहे, स्वतःसाठी. तशी ती ठणठणीत आहे, काल दोनदा मासे मागून घेतले, पण म्हणते, मला तिथेच निजायचंय आणि आता कायदाही आपल्या बाजूला आहे. अडचण एकच आहे, तिथे तुझा कप आहे. आणि तो ना मी उचलू शकत, ना पाद्रीबाबा, ना कमिशनर. तो फक्त तूच उचलू शकतेस. आई म्हणते, ती आल्याशिवाय मी मरायची नाही, आणि ती म्हणते ते करून दाखवते हे तुला माहीत आहे. एकटी ये, नाहीतर सगळ्यांना घेऊन ये. कुणाला काय सांगायचं ते तूच ठरव, आमच्याकडून एक शब्द बाहेर जाणार नाही. बस अजूनही सॅव्हानाला त्याच स्टँडवर थांबते. मी गाडी घेऊन उभी असेन. आई आजही माझ्या गाडीत पुढे बसत नाही, कितीही सांगितलं तरी मागेच, आणि शेजारची जागा पिशवीसुद्धा ठेवू न देता मोकळी ठेवते. मला वाटायचं, जुनी सवय असेल. काल तिने मला हे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितले आहेत: "तिला म्हणावं, पुष्कळ झालं पुढे बसून. आता उठ आणि मागे माझ्याजवळ येऊन बस."

तुझीच,
जिची वेणी तू ओढली होतीस ती व्हर्डी